यादीत आहे, ट्रंकेत नाही

पत्राचा गोषवारा (नाव, गाव आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत):

पश्चिम विदर्भातल्या एका खेड्यातून हे पत्र आलं आहे. लिहिणाऱ्या ताईंचे पती केंद्रीय सशस्त्र पोलीस दलात होते. काही वर्षांपूर्वी ते ज्या गाडीत बसले होते त्या गाडीवर दहशतवादी हल्ला झाला आणि ते गेले. सानुग्रह रक्कम मिळाली, कुटुंब निवृत्तिवेतन सुरू झालं, ताईंना तहसील कार्यालयात लिपिकाची नोकरी मिळाली. शाळेच्या फाटकाला पतीचं नाव आहे आणि 26 जानेवारीला झेंड्यासाठी मान ताईंचा असतो. आदल्या रात्री पती फोनवर म्हणाले होते, "दोन दिवस गाड्या हलल्या नाही, उद्या सगळ्याईले एकदमच नेतात." तेव्हापासून ताईंच्या डोक्यात एकच चक्र आहे: तो रस्ता त्या दिवशी तपासला होता का, सगळ्यांना एकदम न्यायचं कोणी ठरवलं, आधी इशारा आला होता का? घरात विषय काढला की सासूबाई चिडतात, दीर म्हणतो, "वहिनी, नोकरी जाईन." आता एक पुढारी नागपुरात पत्रकार परिषद घेऊ म्हणतोय, "ताई, तुम्ही फक्त बसा, बोलाचं आम्ही पाहू." ताई विचारतात: प्रश्न विचारला तर त्यांच्या बलिदानाचा अपमान होईल का? आणि दोषी कोण हे कळल्याशिवाय मला झोप कशी लागेल?

ताई,

सासूबाईंचं बोलणं तुम्ही जसंच्या तसं लिहून पाठवलंत: "सरकारनं काय कमी केलं आपल्याले? आता त्याईच्याच आंगावर जातं काय?" मी तिथूनच सुरुवात करते. पत्रभर या वाक्याचं ओझं जाणवतं. सासूबाईंना तुम्ही विरोधात धरलंय खरं, पण त्यांचं म्हणणं अर्धंअधिक तुम्हालाही पटलेलं आहे. "एवढं सगळं घेतल्यावर आता कोणत्या तोंडाने विचारू" असं तुम्ही स्वतःच लिहिलंय.

तुम्ही तहसीलमध्ये बसता. शेतकरी आत्महत्येच्या फायली तुमच्या टेबलावरून जात असतील. एक लाखाची मदत, त्यातले तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत, आणि त्याआधी 'पात्र' की 'अपात्र' हा शिक्का. आपल्या विदर्भात कितीतरी बायकांचं वैधव्य या दोन शब्दांपाशी येऊन थांबलंय. ती बाई दाराशी उभी असते, डोक्यावरचा पदर सावरत, साहेबांची मर्जी जाऊ नये म्हणून आवाज खाली ठेवून. मदत म्हणजे मेहेरबानी आणि मेहेरबानी घेतली की गप्प राहायचं, हे आपण तिथेच शिकलो असं मला वाटतं. आता मला सांगा, त्यातली एखादी बाई धीर करून तुमच्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "माझं प्रकरण अपात्र कशावरून ठरलं, तो कागद दाखवा", तर ती तुम्हाला कृतघ्न वाटते का? मला नाही वाटत तुम्ही तिला तसं म्हणाल. मग हीच मोजपट्टी स्वतःला लावा.

मिळालेले पैसे नुकसानीपोटी आहेत. निवृत्तिवेतन तर तुमच्या पतीच्या नोकरीतून आलेलं आहे. तुमच्या मौनाची ती किंमत नाही. खात्री करायची असेल तर सही केलेले कागद पुन्हा काढून वाचा. 'यापुढे काही विचारणार नाही' असं वाक्य कुठे आहे का बघा. अमेरिकेत 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यानंतर नुकसानभरपाईचा निधी झाला, तेव्हा त्यात अशी अट खरोखरच होती: पैसे घेतले तर विमान कंपन्यांवर दावा लावता येणार नाही. ती अट कायद्यात लिहिलेली होती. पण तिथेही हक्क गेला तो दाव्याचा. प्रश्न विचारण्याचा हक्क कोणाचाच गेला नाही, हे पुढे त्या हल्ल्यात पती गमावलेल्या काही बायकांनी दाखवून दिलं. त्याबद्दल खाली लिहिते.

अपमानाच्या प्रश्नाचं उत्तर मला एका तारखेत दिसतं. 26 जानेवारी 2009. मुंबईवरच्या हल्ल्याला जेमतेम दोन महिने झाले होते. दिल्लीत आपल्या अमरावतीच्या सूनबाई प्रतिभाताई पाटील राष्ट्रपती होत्या, आणि त्यांच्या हातून हेमंत करकरे, अशोक कामटे, विजय साळसकर यांचं मरणोत्तर अशोक चक्र त्यांच्या पत्नींनी स्वीकारलं. त्यांपैकीच विनिता कामटे यांनी पुढे पोलीस नियंत्रण कक्षातल्या वायरलेसच्या नोंदी माहिती अधिकारात मागितल्या, त्या मिळेपर्यंत चिवटपणे मागे लागल्या, आणि कामा रुग्णालयाच्या गल्लीत आपली माणसं अडकलेली असताना मदत वेळेवर का पोचली नाही हा प्रश्न त्या नोंदींच्या आधारे सगळ्यांसमोर ठेवला. कविता करकरे यांनी पतीच्या बुलेटप्रूफ जॅकेटचं काय झालं ते विचारलं. जॅकेट सापडत नाही, असं उत्तर निघालं. ते उत्तर लाजिरवाणं होतं, पण त्यामुळे जॅकेटांच्या दर्जाकडे आणि खरेदीकडे सगळ्या राज्याचं लक्ष गेलं. ज्या हातांनी अशोक चक्र घेतलं त्याच हातांनी अर्ज लिहिले गेले. करकरे-कामट्यांच्या शौर्याला त्यामुळे कुठे धक्का लागला का, तुम्हीच सांगा.

बोलणारे बोलतील, हेही खरं. पहलगामच्या हल्ल्यात 22 एप्रिल 2025 ला 26 माणसं मारली गेली. त्यात पती गमावलेल्या एका तरुण मुलीने, त्यांच्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता, न्याय हवा पण सूड म्हणून निरपराध लोकांना त्रास देऊ नका एवढंच म्हटलं, तर मोबाईलवर तिच्यावर घाणेरडी चिखलफेक झाली. ते वाचताना माझ्या अंगाचा तिळपापड झाला होता. विधवेनं रडावं, झेंडा फडकवावा, पण बोलू नये, अशी ती अपेक्षा आहे. गावात तुमच्या वाट्याला अशा चिखलफेकीचा थोडा अंश येईल. तयारी ठेवा, पण त्यालाच लोकमत समजू नका.

आता मला जास्त काळजी वाटते ती तुमच्या दुसऱ्या वाक्याची. दोषी कोण ते कळल्याशिवाय झोप लागणार नाही, असं तुम्ही म्हणता. ताई, या एका वाक्यात दोन प्रश्न एकमेकांत गुंतलेत. स्फोट कोणी घडवला हा गुन्ह्याचा प्रश्न आहे, तो तपास यंत्रणा आणि न्यायालयाकडे जातो. पुलवामाच्या प्रकरणात राष्ट्रीय तपास यंत्रणेने ऑगस्ट 2020 मध्ये तेरा हजारांहून जास्त पानांचं आरोपपत्र दाखल केलं, 19 आरोपींचं. कट कसा शिजला, गाडी कुठून आली, स्फोटकं कोणी जमवली, हे अशा आरोपपत्रात सापडतं. रस्त्यावर फट कुठे राहिली, हा प्रश्न निराळा. त्याला आरोपपत्रात जागा नसते. तो दलाच्या आतल्या चौकशीचा, मंत्रालयाचा, संसदेचा विषय. कोणी तुम्हाला म्हणालं की सरकारला विचारता म्हणजे अतिरेक्यांना सोडता, तर त्यांना एवढंच सांगा: चोराला शिक्षा झालीच पाहिजे, पण कुलूप का लागलं नव्हतं हे घरमालकाला विचारायला चोराची परवानगी लागत नाही.

दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात एक नाव मिळेल अशी आशा मात्र धरू नका. वर म्हटलं त्या अमेरिकेतल्या बायका म्हणजे न्यू जर्सीच्या चार विधवा. घरसंसार सांभाळणाऱ्या, राजकारणाशी संबंध नसलेल्या या बायका 11 सप्टेंबरच्या हल्ल्यात पती गेल्यावर वॉशिंग्टनला खेपा घालत राहिल्या. हल्ल्याच्या चौकशीसाठी स्वतंत्र आयोग सरकारला नको होता. बाकीच्या कुटुंबांना सोबत घेऊन त्यांनी तो होण्यास भाग पाडलं. 27 नोव्हेंबर 2002 ला कायदा झाला आणि जुलै 2004 मध्ये अहवाल आला. त्यांच्यावरही नवऱ्यांच्या मरणाचा बाजार मांडल्याचे आरोप झाले. आणि अहवालात काय होतं? दोषी म्हणून एकाही अधिकाऱ्याकडे बोट दाखवलेलं नव्हतं. एका खात्याकडची माहिती दुसऱ्या खात्यापर्यंत कशी पोचली नाही त्याची कहाणी होती आणि 41 शिफारशी होत्या. त्या बायकांचे सगळे प्रश्न त्यातून सुटले नाहीत, पण बरंच काही कागदावर आलं. आपल्याकडे पुलवामाचा हल्ला झाला 14 फेब्रुवारी 2019 ला, चाळीस जवान गेले, 78 गाड्यांचा ताफा होता. सात दिवसांनी, 21 फेब्रुवारीला, गृह मंत्रालयाने जम्मू-श्रीनगर आणि दिल्ली-श्रीनगर मार्गांवर सगळ्या हुद्द्यांच्या जवानांना विमान प्रवासाची मुभा दिली. शिपायापर्यंत सगळ्यांना. कोणाला शिक्षा झाली म्हणून हा निर्णय झाला नव्हता. पण त्यानंतर कितीतरी घरांतले मुलगे त्या रस्त्याने जायचे वाचले.

म्हणून एक काम करा. एका वहीत तुमचे सगळे प्रश्न लिहा, मनात जसे येतात तसे. मग प्रत्येकासमोर लिहा, याचं उत्तर मिळालं तर मी त्याचं काय करणार आहे. काही प्रश्नांसमोर तुम्ही लिहाल, 'दुसऱ्या कोणावर ही वेळ येऊ नये'. काहींसमोर, 'मुलगी मोठी झाल्यावर तिला खरं सांगता यावं'. आणि एखाद्यासमोर कदाचित लिहाल, 'त्यांना त्रास झाला का हे मला जाणून घ्यायचंय'. तो शेवटचा प्रश्न सरकारला विचारून सुटणारा नाही. तो त्या दिवशी त्यांच्या सोबत असलेल्या, वाचलेल्या एखाद्या जवानाकडेच जाईल. त्याला फोन करा. त्यालाही कोणाशी तरी बोलायचं असण्याची शक्यता मोठी आहे.

बाकीच्या प्रश्नांचा रस्ता कागदाचा आहे, आणि कागदाचं काम तुम्ही रोज करता. तुमच्या पतीचं दल माहिती अधिकार कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे, म्हणजे कलम 24 खाली त्याला माहिती देण्यातून सूट आहे. पण सूट सरसकट नाही. भ्रष्टाचाराचा किंवा मानवी हक्कांच्या उल्लंघनाचा आरोप असेल तर माहिती मागता येते. मानवी हक्कांच्या बाबतीत केंद्रीय माहिती आयोगाची मंजुरी लागते आणि माहिती 45 दिवसांत द्यायची असते. पहिलं उत्तर बहुतेक नकाराचंच येईल. तेवढ्याने फाईल बंद करू नका: 30 दिवसांत पहिलं अपील, त्यानंतर 90 दिवसांत आयोगाकडे दुसरं अपील. अर्जात 'का' विचारू नका. 'रस्ता का तपासला नाही' याचं उत्तर द्यायला माहिती अधिकारी बांधील नसतो. 'अमुक तारखेच्या रोड ओपनिंग पार्टीच्या नोंदीची प्रत द्यावी', 'कोर्ट ऑफ इन्क्वायरीच्या निष्कर्षाची प्रत द्यावी', असं मागा. रोड ओपनिंग पार्टी म्हणजे ताफ्याआधी रस्ता तपासणारी तुकडी, आणि कोर्ट ऑफ इन्क्वायरी म्हणजे दलाची आतली चौकशी. संवेदनशील भाग झाकून उरलेलं द्यावं, हेही लिहा; तशी तरतूद कायद्यातच आहे. केंद्राच्या कार्यालयाकडे दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते, ऑनलाईनही भरता येतं.

याच्याही आधी बटालियनच्या कमांडंटना साधा अर्ज करा, माहिती अधिकाराचं नावही न घेता. पत्नीच्या नात्याने. कित्येकदा ज्या दारावर कायद्याने थाप मारावी लागते ते दार नात्याने उघडतं. एक प्रत तुमच्या खासदारांना द्या. लोकसभेत लेखी प्रश्न विचारला गेला की गृह मंत्रालयाला छापील उत्तर द्यावं लागतं. न्यायालयापर्यंत जायची वेळ आलीच, तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. उत्पन्न कितीही असो, प्रत्येक स्त्रीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. 15100 हा त्यांचा फोन. आपल्या सगळ्या विदर्भाचं उच्च न्यायालय नागपूर खंडपीठ आहे, मुंबईला जावं लागत नाही.

हे पत्र वाचणाऱ्या गडचिरोलीकडच्या बहिणींसाठी थोडं वेगळं सांगते. 1 मे 2019 ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाने पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारला गेला, तशा घटनांमध्ये राज्याचं पोलीस दल येतं. तिथे अर्जावर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, शब्द दीडशेच्या आत आणि एका अर्जात एकच विषय, हा राज्याचा नियम. दुसरं अपील राज्य माहिती आयोगाच्या नागपूर खंडपीठाकडे. डिसेंबरात अधिवेशन नागपुरात भरतं तेव्हा तुमच्या आमदारांकडून तारांकित प्रश्न लावून घेता येतो. आणि 1 जुलै 2024 नंतर भारतीय नागरिक सुरक्षा संहिता या नव्या कायद्याखाली नोंदलेल्या गुन्ह्यात तपास कुठवर आला हे 90 दिवसांत पीडिताच्या घरच्यांना कळवणं पोलिसांना बंधनकारक आहे. नक्षली हल्ल्यात साधा नागरिक गेला असेल तर केंद्राची पाच लाखांची मदत आहे, त्यासाठी जिल्हाधिकारी कार्यालय.

नोकरीबद्दल दिराची भीती अगदीच खोटी नाही. राज्य शासकीय कर्मचाऱ्याला वर्तणूक नियमांनी सरकारवर जाहीर टीका करायला मनाई आहे. पत्रकार परिषदेत बसलात तर तो नियम तुमच्यावर उगारता येईल. पण माहितीचा अर्ज ही टीका होत नाही, तो नागरिकाचा हक्क आहे, आणि माहिती कशासाठी हवी हे सांगायचंही बंधन नाही. अर्ज घरच्या पत्त्यावरून करा. कार्यालयाचा कागद, शिक्का, तिकीट, काही वापरू नका.

आणि म्हणूनच त्या पुढाऱ्याला नम्रपणे नाही म्हणा. याबाबतीत माझं मत पक्कं आहे. जो माणूस म्हणतो तुम्ही फक्त बसा, त्याला तुमचा चेहरा हवाय, तुमचा प्रश्न नकोय. त्याचा पक्ष सत्तेत गेला की त्याच खुर्चीवर तुम्हाला तो गप्प बसवेल. सोबत हवी असेल तर त्या गाडीतल्या बाकीच्या जवानांच्या घरी फोन लावा. कोणी बिहारात असेल, कोणी राजस्थानात. भाषा वेगळी असेल, तरी तुमचे प्रश्न त्यांना समजावून सांगावे लागणार नाहीत. एकाच दिवशी चार घरांतून चार अर्ज गेले तर त्याला वेगळं वजन येतं.

आता सासूबाई. त्यांच्या चिडण्याचा अर्थ तुम्ही विरोध असा लावलात. तुम्हीच लिहिलंय की झेंडावंदनाहून आल्यावर त्या दिवसभर जेवत नाहीत. बाई, ज्या आईने पोराचं पेटीबंद शरीर पाहिलं आणि तोंड पाहिलं नाही, तिच्याकडे प्रश्न नसतील का? तुम्ही त्यांना बातमी सांगितल्यासारखं सांगितलंत, 'मी विचारणार आहे'. एकदा उलट करून बघा. सोयाबीनची कापणी आटोपली की एखाद्या दुपारी शेजारी बसून विचारा, "आई, तुमाले काई विचाराचं हाये का त्याईले?" गप्प राहिल्या तर राहू द्या. घाई नाही.

आणि मुलीला मात्र पुढच्या झेंडावंदनाच्या आधी खरं सांगा, तिच्या वयाला झेपेल एवढं. फाटकावरचं नाव ती रोज वाचते.

शेवटी पत्रातल्या एका ओळीकडे येते, जी तुम्ही कडेला बारीक अक्षरात लिहिलीत. दलाकडून आलेल्या ट्रंकेसोबत वस्तूंची टंकलिखित यादी होती, अकरा वस्तूंची, खाली तुमच्या सासऱ्यांचा अंगठा. घड्याळ 1, पाकीट 1, मोबाईल 1 (तुटलेला), आणि आठव्या क्रमांकावर 'वही 1'. वही ट्रंकेत नव्हती. तुम्ही तेव्हा विचारलं नाही, एवढ्या मोठ्या दुःखात वहीचं काय घेऊन बसायचं म्हणून.

पहिला अर्ज त्या वहीसाठी करा. त्यांच्या बटालियनला, हिंदीत, एका पानाचा. यादीची झेरॉक्स जोडा, आठव्या ओळीखाली रेघ मारा. स्पीड पोस्टाने पाठवा आणि पोच जपून ठेवा, पुढच्या सगळ्या अर्जांची फाईल तिथूनच सुरू होईल. या प्रश्नावर कोणी तुम्हाला देशद्रोही म्हणणार नाही, आणि ही मागणी गोपनीय म्हणून टाळताही येणार नाही. वस्तू त्यांच्याच यादीत आहे. उत्तर आलं तर पत्रव्यवहाराचं दार उघडेल. नाही आलं तर तेही पुढच्या अर्जाला जोडायला उपयोगी पडेल. मसुदा झाला की सासऱ्यांना वाचून दाखवा, अंगठा त्यांचा होता. वहीचं वर्णन नीट लिहा: रंग, किती पानी, पुठ्ठ्यावर काय होतं. सुट्टी संपवून जाताना खामगावच्या स्टँडसमोर ती तुम्हीच घेऊन दिली होती असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा ते तुम्हाला आठवत असेल.